कोंडीबाचा अंगठा

माळावरच्या बिरोबाचा पुजारी कोंडीबा हा माझा शाळेपासूनचा मित्र, आणि त्याच्याइतका वैताग मला आयुष्यात दुसऱ्या कुणी दिला नसेल. मी एस्टीत कंडक्टर होतो, कोरेगाव डेपोला. तीस वर्षं काढली, आता मुदतीआधीच रिटायर झालो. ड्यूटी सांगलीकडं असली की कधीमधी कोंडीबा वाटेत माझ्या गाडीत चढायचा. गाडी अर्धी रिकामी असली तरी हा बाबा दारातच उभा. "दादासो, कुठं बसू?" अरे, बस की कुठंही! तर म्हणायचा, "न्हाई, तूच सांग." मागची माणसं शिव्या घालायला लागली की मीच त्याचा दंड धरून त्याला एखाद्या सीटवर आदळायचो.

हॉटेलात गेलो तर तेच. चहा घेणार का दूध? "तू काय घेतोस?" तासगावच्या बाजारात चपला घ्यायला गेला तर दुकानदारालाच विचारणार, ह्यातल्या कुठल्या घेऊ? एकदा त्या माणसानं वैतागून एक नंबर लहान चपला त्याच्या गळ्यात मारल्या, आणि ह्यानं वर्षभर बोटं आखडून त्याच वापरल्या. गावाला वाटतं, कोंडीबा म्हणजे देवमाणूस. कशाची हाव नाही, कशाचा हट्ट नाही. देवमाणूस म्हणे! आतून पोखरलेला माणूस आहे तो. का पोखरला ते मला माहीत आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे. तोही सांगतो. रिटायर माणसाला आता कोण मेमो देणार?

आधी कौल म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. आमच्या त्या भागात, तासगावच्या पूर्वेला, पावसाचा पत्ता कमी आणि माळ फार. धनगरांची वस्ती. काही ठरवायचं झालं की माणसं बिरोबाच्या देवळात जाऊन कौल लावतात. पुजारी कण्हेरीच्या फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवतो आणि देवाच्या पाषाणाला चिकटवतो, एक उजवीकडं, एक डावीकडं. मग गाऱ्हाणं घालायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. विहीर कुठं पाडायची, पोरगी कुठं द्यायची, मेंढरं कुठल्या दिवशी हलवायची, सगळं त्या दोन पाकळ्यांवर. मी मुळात कौलाच्या विरोधात नव्हतो. माणसं बहुतेक वेळा ठरवूनच आलेली असतात, त्यांना फक्त खाली देवाची सही पाहिजे असते.

कोंडीबाचा बाप तात्याबा हा आधीचा पुजारी. त्याच्याकडं साठ-सत्तर मेंढरं होती. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोरेगावच्या बाजूला जायचं, तिकडच्या बागायतदारांच्या रानात ती रात्रीची बसवायची, लेंड्यांचं खत त्यांना, धान्य आणि चार पैसे ह्यांना. पाऊस जवळ आला की परत. कोंडीबा सोळाव्या वर्षापासून बापाबरोबर हे करत होता. धाकटा धनाजी मात्र दहावी झाला होता, आणि मिलिट्रीत जायचं म्हणून रोज पहाटे माळावर पळायचा. देवळाला दहा फेऱ्या. दोन वेळा भरतीत थोडक्यात हुकला होता, तिसऱ्यांदा साताऱ्याला जायचं होतं. दोन हजार एकच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. बायको रंगू, वीस वर्षांची, बोलायला फटकळ आणि हसायला लागली की सगळ्या आळीला ऐकू जाणारी.

त्या वर्षी दसऱ्याला तात्याबाचे गुडघे गेले. मेंढरांमागं आता दोघांतल्या एकानं जायचं आणि एकानं घरी राहून देवळाचं आणि दोन एकराचं बघायचं, असं झालं. चुलतभाऊ सोबतीला होताच. खरं म्हटलं तर सरळ होतं. कोंडीबाला त्या कामाची सवय, धनाजीची भरती जवळ आलेली. कोंडीबानंच जायचं. पण कोंडीबाला जायचं नव्हतं. त्यानंच मला पुढं सांगितलं, "दादासो, मला कटाळा आल्ता रं. अकरा वर्सं दुसऱ्याच्या रानात झोपलो. पोरगं दोन वर्साचं झालं, मला बघून रडायचं, कोण हाय म्हणून. मला घरात झोपायचं व्हतं. बस, येवढंच."

आता ह्यात काय पाप आहे सांगा मला. माणूस कंटाळतो. बापाला तोंडावर सांगायचं, "आबा, मी जाणार नाही." तात्याबा काही राक्षस नव्हता. चार शिव्या घातल्या असत्या, रात्रभर धुसफुसला असता, आणि सकाळी काहीतरी वाट काढली असती. मेंढरं थोडी विकली असती. पण कोंडीबाच्या तोंडून ते शब्द निघाले नाहीत. थोरला ना! थोरल्यानं नाही कसं म्हणायचं! आणि तात्याबानंही कुणाचं नाव घेतलं नाही. म्हणाला, "मी कुणावर ढकलत न्हाई. देव सांगंल."

तात्याबाचे हात तेव्हा थरथरायला लागले होते, म्हणून पाकळ्या कोंडीबानं लावल्या. तात्याबानं गाऱ्हाणं घातलं, "देवा, थोरला ऱ्हाईल, धाकटा जाईल. मान्य असंल तर उजवी दे." कोंडीबानं डावी पाकळी लावताना अंगठ्यानं दाबून धरली. पाणी निघून जाईपर्यंत दाबली, की ती पाषाणाला घट्ट बसते. उजवी नुसती टेकवली. झालं. येवढ्यावर झालं सगळं.

उजवी पडली. धनाजी हसला, म्हणाला, "चला, देवानंच आमची भरती केली!" सगळे हसले. रंगू हसली नाही. ती खांबाला टेकून उभी होती, आणि तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

दिवाळीनंतर धनाजी मेंढरं घेऊन कोरेगावच्या बाजूला आला. रस्त्याला दिसायचा. आमचा ड्रायव्हर गाडी हळू करायचा, धनाजी पत्र्यावर थाप मारून म्हणायचा, "दादासो, रंगीला सांग, बरा हाय म्हणून!" मी सुट्टीला गावी आलो की रंगूला निरोप द्यायचा. तिचा उलटा निरोप न्यायचा. "त्यास्नी सांगा, पळायचं सोडू नका म्हणावं." आणि तो खरंच सोडत नव्हता. मेंढरं बसवली की पहाटे त्या बागायतीतल्या पाणंदीनं पळायचा.

डिसेंबरात, उसाचा सीझन भरात असताना, दिवस मावळायच्या वेळेला आमची गाडी एकाएकी थांबली. पुढं वाहनांची रांग. मी उतरून पुढं गेलो. उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रेलर, टेप अजून मोठ्यानं वाजत होता, कुणाला बंद करायचं सुचलं नव्हतं. रस्त्यावर मेंढरं पडली होती. एक मेंढरू मागं राहिलं होतं, ते आणायला धनाजी मागं फिरला होता. मी त्याला बघितलं आणि त्याच्या तोंडावर माझा टॉवेल टाकला. गावी जाऊन सांगायचं काम माझ्याकडंच आलं. आजवर बरा आहे म्हणून निरोप नेले, आता हाही मीच नेला.

तात्याबा दारात बसला होता. सगळं ऐकून म्हणाला, "देवाची मर्जी." मला त्या शब्दांची चीड तेव्हापासून आहे. कोण काय करतो आणि कुणाच्या नावावर टाकतो! तात्याबा पुढच्या पावसाळ्यात गेला. धनाजी गेला तेव्हा रंगूला दिवस गेलेले होते, कुणाला ठाऊकही नव्हतं. सोनिया झाली ती बाप गेल्यावर सात महिन्यांनी.

रंगूनं एक गोष्ट मनाला लावून घेतली होती, ती तिनं माझ्या मामीला सांगितली होती. कौल उजवा पडला तेव्हा ती खांबापाशी उभी राहून मनातल्या मनात देवाला म्हणाली होती, "तुझं डोळं फुटलं का रं?" तिचं म्हणणं, देवानं ते ऐकलं आणि दावा साधला. त्यावर तिनं काय करावं? दर रविवारी अनवाणी माळ चढून देवळाचं पटांगण झाडायला लागली. उन्हात, चिखलात, बाळंतिणीच्या अंगानं. बाकी सहा दिवस तासगावला बेदाण्याच्या शेडवर निवडणीला, आणि रविवारी देवळाला. आणि कोंडीबा गाभाऱ्यात बसून ते खराट्याचं वाजणं ऐकायचा.

आता माझा वाटा. माझी पहिली बायको काविळीनं गेली होती, मूलबाळ नव्हतं. निरोप नेता नेता रंगूचं घर मला ओळखीचं झालं होतं. सोनिया रांगत येऊन माझी तिकिटांची पेटी उघडायला बघायची. आमच्यात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी कोंडीबाला म्हणालो, "रंगूला विचार, माझ्याशी पाट लावशील का." कोंडीबाचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, हाच नाचतो आता. त्यानं विचारलं. रंगू दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "देवाला इचारा. एकदा त्याच्या वाकड्यात गेले, आता न्हाई जायाची."

दोन हजार चारचा माघ महिना. मी नवा शर्ट घालून देवळात गेलो होतो, सांगायला लाज वाटते. रंगू पोरीला काखेत घेऊन उभी. कोंडीबानं दोन्ही पाकळ्या लावल्या, आणि विस्तवाला हात लागावा तसा मागं सरून हात पाठीमागं बांधून उभा राहिला. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. बराच वेळ काही पडेना. सोनिया कुरकुरायला लागली. मग डावी पडली.

रंगूनं पदर सारखा केला, पोरीला ह्या काखेतून त्या काखेत घेतलं आणि माळ उतरून गेली. आणि मी काय केलं? तीनची गाडी होती, ती पकडली. बस. पुढच्या वर्षी माझं बनूशी लग्न झालं. बनू चांगली बाई आहे, दोन पोरं झाली, संसार झाला, माझी तिच्याबद्दल काडीची तक्रार नाही. तिनं हे वाचलं तर तिला राग येईल. येऊ दे, खोटं कशाला लिहू?

ह्यानंतर आठ-नऊ वर्षांनी मी एकदा मधल्या वारी, भर दुपारचा देवळात गेलो. असंच, कोंडीबाला भेटायला. देवळात कुणी नव्हतं. गाभाऱ्यात कोंडीबा एकटाच पाषाणापुढं बसलेला, दोन पाकळ्या लावलेल्या, हात पाठीमागं. तोंडानं पुटपुटत होता. मी जवळ गेलो तर शब्द कळले. "थोरला ऱ्हाईल, धाकटा जाईल. मान्य असंल तर उजवी दे."

तोच जुना कौल, धनाजीचा. मी हाक मारली तसा तो दचकला, आणि मग लहान पोरासारखा रडायला लागला. त्या दिवशी त्यानं मला सगळं सांगितलं. अंगठ्याचं, डावी दाबल्याचं, सगळं. धनाजी गेल्यापासून तो रोज हा कौल लावत होता. एक दिवस चुकवला नव्हता. आपण हात लावला नसता तर देवानं काय सांगितलं असतं, येवढंच त्याला बघायचं होतं.

"मग काय सांगतो देव?" मी विचारलं.

"कवा उजवी पडती, कवा डावी. उजवी पडली की वाटतं, चला, त्यो जायाचाच व्हता, मी काय केलं न्हाई. त्या दिवशी जेवान जातं. दुसऱ्या दिवशी डावी पडती." तो पाषाणाकडं बघत होता. "पहाटं मी पूजेला येतो ना दादासो, तवा त्यो पळत असतो. देवळाभवती. मला पावलं ऐकू येत्यात. धाप लागल्याली ऐकू येती. मी भाईर येऊन बघत न्हाई. दहा फेऱ्या झाल्या की थांबतो."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण खरं सांगतो, त्यानंतर मी पहाटेचा त्या देवळाकडं कधी गेलो नाही.

"आणि आमच्या पाटाचा कौल?" मी विचारलं. "तेव्हा हात का बांधले होतेस?"

"त्याला म्या हात लावला न्हाई. शपथ घेतल्याली, पुन्यांदा कौलाला अंगठा लावायचा न्हाई म्हणून. आयुष्यात काय ठरवायचंच न्हाई म्हणून. माझ्या ठरवण्यानं भाऊ गेला माझा."

मला तेव्हा त्याची कीव आली आणि संतापही आला. मी म्हणालो, "कोंडीबा, रंगूला हे सांग. ती बाई उगाच देवाला भिऊन झाडू मारतीया." तर हा मला काय म्हणाला असेल? "सांगू का? तूच ठरव." मी त्याच्या अंगावर ओरडलो. "च्यायला, हे तरी स्वतः ठरव की!" आणि पाय आपटत खाली आलो. पण मीही रंगूला सांगितलं नाही. बारा वर्षं नाही सांगितलं. म्हटलं, त्याचं त्यानं सांगावं, मी कोण मधला? दुसऱ्याला शहाणपण शिकवायला आपल्याला काय जातंय.

गेल्या वर्षीची गोष्ट. सोनिया सांगलीला नर्सिंग शिकून तिथंच एका दवाखान्यात लागली होती. आईसारखी फटकळ, आणि पळण्याबिळण्याची हौस नाही पण चालणं बापाचं, भरभर. तिला मस्कतच्या दवाखान्यात नोकरी मिळाली. तीन वर्षांचा करार. सोमवारपर्यंत होय-नाही कळवायचं होतं. तिनं आईला साफ सांगितलं, "आई, जायचं मला हाय, मग देवाला कशाला इचारू? पण तू रडत बसणार असशील तर मी जायची न्हाई. तू मनापासून हो म्हण."

रंगूनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. रविवारी सकाळी नारळ घेऊन माळ चढली. मी त्या दिवशी तिथंच होतो, देवळाच्या ओट्यावर. आता रंगू पंचेचाळिशीच्या आतबाहेर, केस पिकलेले, बोटं बेदाण्याच्या चिकटानं काळी पडलेली. पटांगण झाडून झाल्यावर आत आली आणि कोंडीबाला म्हणाली, "भावजी, कौल लावा. पोरगी परमुलखाला जाऊ दे का नको. देव नको म्हणाला तर मी तिच्या पाया पडून तिला ठिवून घेईन."

तिला देवाचा नकारच हवा होता, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. आणि पोरीचं अख्खं आयुष्य सोमवारवर आलेलं.

कोंडीबानं पाकळ्या भिजवल्या. डावी उचलली, ठेवली. उजवी उचलली, ठेवली. मी त्याच्याकडं बघत होतो, आणि मला कळत होतं त्याचं काय चाललंय ते. अंगठा लावला तर पोरीचं तो ठरवणार. नाही लावला तरी पाकळी कुठलीतरी पडणारच. हात पाठीमागं बांधून सुटका नव्हती. ह्या वेळी त्यानं मला विचारलं नाही, तू सांग म्हणून. पाकळ्या परत तांब्यात टाकल्या आणि रंगूकडं तोंड करून बसला.

"रंगू, मला कौल लावता यायचा न्हाई," तो म्हणाला. "धनाजीचा कौल देवानं दिला न्हवता. म्या दिला व्हता. मला मेंढरामागं जायचं न्हवतं, म्हणून म्या डावी दाबली."

रंगू उभी होती ती खाली बसली. त्यानं सगळं सांगितलं, न थांबता, बापाचं, पोराचं, कंटाळ्याचं. कसली सबब सांगितली नाही. रडलाही नाही. "देवाचा तुझ्यावर राग न्हवता," तो म्हणाला. "तू उगंच झाडत आलीस. मी आत बसून ऐकत ऱ्हायलो."

मला वाटलं, ही आता त्याच्या अंगावर धावून जाणार. खराटा तिच्या हाताशीच होता. पण ती नुसती बघत राहिली. बाहेर कुणीतरी घंटा वाजवून गेलं, आत आलं नाही.

"आन दुसरा?" तिनं विचारलं.

"दुसरा म्हंजे?"

"माझ्या पाटाचा. ह्या कंडक्टरचा. त्योबी तुमीच दिला?"

"न्हाई, न्हाई!" कोंडीबा घाईघाईनं म्हणाला. एवढी एक गोष्ट तरी स्वच्छ आहे, असं त्याला वाटत होतं बिचाऱ्याला. "आईच्यान. त्याला म्या बोट लावलं न्हाई. लांब हुबा ऱ्हायलो."

"का न्हाई लावलं?"

कोंडीबा तांब्यातल्या पाकळ्यांकडं बघायला लागला.

"का न्हाई लावलं भावजी?" तिचा आवाज चढला. "सोताच्या झोपंसाठी अंगठा लावता आला. माझ्यासाठी लावायला काय झाल्तं? मी दोन दिवस गप बसल्याली का, तुमास्नी कळलं न्हाई? बाई नको असलं की तवाच नको म्हणती. मला जायाचं व्हतं! तुमच्या हातात व्हतं आन तुमी हात बांधून हुबं ऱ्हायलात!"

कोंडीबानं डोकं भिंतीला टेकवलं. भावाचं ओझं वाहून वाहून त्याला सवय झाली होती. हे दुसरं ओझं आपलं आहे हे त्याला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं.

रंगूनं पदरानं तोंड पुसलं. "पर तुमास्नी तरी काय बोलू," ती आता हळू बोलत होती. "मला जायाचं व्हतं, तर मी कशाला इचारायला आले? माझं पाय व्हतं की मला." मग तिनं कंबरेचा फोन काढला आणि सोनियाला लावला. आम्ही दोघं ऐकत होतो.

"सोने, तू जा," ती म्हणाली. "...न्हाई, कौल न्हाई लावला. देवानं काय सांगितलं न्हाई. मी सांगतीया. ...तुझं ऐक, माझं ऐकू नगंस. जायाचं हाय ना तुला? मग जा. ...न्हाई गं, रडत कुठं हाय मी." डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि आवाज मात्र तिनं असा धरला होता की पलीकडं काही कळलं नसेल.

फोन ठेवून ती उठली. कोंडीबाकडं तिनं बघितलं नाही. आजतागायत ती त्याच्याशी बोलत नाही. तो रोज तिच्या दारावरून जातो, थांबतो, आणि जातो. तिनं माफ करावं का नाही हे तिचं तिनं ठरवायचं, आणि तिनं ठरवलेलं आहे.

मी ओट्यावरच बसलो होतो. ती चपला नसलेल्या पायांनी उंबऱ्यातून बाहेर आली आणि माझ्यापुढं थांबली. वीस वर्षांत ती माझ्याशी गाडी किती वाजता, पोरं कशी आहेत, ह्यापलीकडं बोलली नव्हती.

"आवं कंडक्टर," ती म्हणाली, "तुमास्नी तरी माझ्यासंगं पाट लावायचा व्हता का? का नुसतीच कीव आल्ती?"

बनूची आठवण आली. पोरांची आली. खोटं बोललो असतो तर चाललं असतं, तिचंही थोडं हलकं झालं असतं. पण आत कोंडीबा खरं बोलून बसला होता, आणि मला लाज वाटली.

"व्हता," मी म्हणालो. "लय मनापासनं व्हता."

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. माझं अजून काही सांगायचं राहिलंय का, येवढंच ती बघत होती.

"मग?" तिनं विचारलं.

मला ती तीनची गाडी आठवली. ती माळ उतरायला लागली.